स्वयंपाक शिकायचा तो कोठे आणि कशासाठी?

"स्वयंपाक काय शिकायचा? तो तर घरोघरी येतो." असे पुष्कळ लोक म्हणतात. वरवर पाहता हे म्हणणे खरे वाटते. आपल्या घरी आई, आजी, बहीण, भावजय रोज रांधतात. त्यांना कोणी पाटी-पुस्तक घेऊन शिकवलेले नसते. तरी त्यांच्या हातच्या आमटीला चव असते. गावात लग्न निघाले की आचारी येतो. दोन मदतनीस हाताशी घेऊन तो पाचशे पानांचा स्वयंपाक उरकतो. त्यानेही स्वयंपाकाच्या शाळेचे तोंड पाहिलेले नसते.

मग स्वयंपाकाची शाळा हवी कशाला? आणि त्या शाळेत वर्ष-दोन वर्षे घालवून पोटापाण्याची सोय होते का? घरातले एखादे मूल "मला शेफ व्हायचंय" म्हणू लागले, किंवा एखाद्या भगिनीच्या मनात खानावळ काढायचे आले, म्हणजे हे प्रश्न उभे राहतात. त्यात पैसा गुंतलेला असतो. म्हणून या धड्यात आपण त्यांचा शांतपणे विचार करू.

अंदाज आणि माप

घरचा स्वयंपाक अंदाजाने होतो. धंद्याचा स्वयंपाक मापाने करावा लागतो. सगळा फरक काय तो इथेच आहे.

घरी एखादे दिवशी मीठ जास्त पडले तर घरची माणसे कुरकुर करतात आणि जेवतात. हॉटेलात मीठ जास्त पडले तर गिऱ्हाईक उठून जाते आणि पुन्हा येत नाही. घरी पिठले करणारा हात एकच असतो. हॉटेलात आज एक स्वयंपाकी, उद्या दुसरा. हात बदलला तरी चव बदलून चालत नाही. म्हणून तेथे प्रत्येक पदार्थाचे माप कागदावर लिहिलेले असते. तांदूळ किती, पाणी किती, तेल किती, आच किती वेळ, आणि त्यात किती ताटे भरतील, हे सगळे त्यात येते.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक लिहिले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. वाटी-चमच्याच्या नेमक्या मापामुळे ते घरोघर गेले. सासर-माहेरापासून दूर बिऱ्हाड केलेल्या नव्या सुनांना त्या मापांचा मोठाच आधार झाला. अंदाज दुसऱ्याला देता येत नाही. माप देता येते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. दहा माणसांचे माप दहाने गुणले म्हणजे शंभर माणसांचे माप होते, असे नाही. लहान पातेल्यातून पाण्याची वाफ जास्त प्रमाणात उडते. मोठ्या पातेल्यातून ती त्या मानाने कमी उडते. म्हणून पाणी दहापट घातले तर भाताचा गोळा होतो. अनुभवी आचाऱ्याला हे ठाऊक असते, पण का ते सांगता येत नाही. शाळेत ते 'का' शिकवतात.

शाळेत काय शिकवतात?

पहिला पाठ स्वच्छतेचा असतो. नखे कापणे, केस झाकणे, साबणाने हात धुणे, एवढ्यावर तो थांबत नाही. अन्न बिघडते कसे, हे समजावून देतात. पाच अंशांपासून साठ अंशांपर्यंतची उष्णता जंतूंना फार मानवते. हे अंश सेल्सिअसचे. या पट्ट्यात अन्न राहिले की जंतू भराभर वाढतात. म्हणून गरम अन्न साठ अंशांच्या वर ठेवावे आणि थंड अन्न पाच अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

शिजलेल्या भातातही काही जंतूंची बीजे जिवंत राहतात. उकळत्या पाण्याने ती मरत नाहीत. रात्रीचा भात तसाच उघड्यावर ठेवला तर ती बीजे जागी होतात. सकाळी तोच भात फोडणीला टाकला तरी आधी तयार झालेले विष जात नाही. पंगतीत जेवलेल्यांना उलट्या होतात तेव्हा "कोणाची तरी नजर लागली" असे म्हणतात. नजर नव्हे, वेळ आणि उष्णता यांचा तो खेळ असतो. उरलेला भात पसरट ताटात पातळ पसरून लवकर थंड करावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा. मोठ्या पातेल्यात तो तासन्‌तास कोमट राहतो.

दुसरा पाठ सुरीचा. आपल्या बायका विळीवर बसून चिरतात. हॉटेलात उभ्याने, फळीवर, सुरीने चिरायचे असते. तुकडे सारखे हवेत. ते दिसायला चांगले दिसतात म्हणून नव्हे, तर सारखे तुकडे सारख्या वेळात शिजतात म्हणून. फळ्यांचे रंगही ठरलेले असतात. कच्च्या मटणाला लाल, मासळीला निळी, भाजीला हिरवी. कच्च्या मटणाचे पाणी काकडीला लागू नये, हा त्यातला हेतू.

तिसरा पाठ आचेचा. उकडणे, वाफवणे, भाजणे, तळणे, परतणे, मंद आचेवर मुरवणे या प्रत्येक रीतीत पदार्थाला काय होते ते शिकवतात. रीत समजली की शंभर पदार्थ पाठ करावे लागत नाहीत.

चौथा पाठ हिशोबाचा. हा सर्वांत महत्त्वाचा, आणि विद्यार्थ्यांना सर्वांत नकोसा. तो आपण थोडा सविस्तर पाहू.

डब्याचा हिशोब

समजा, एक बाई घरून जेवणाचे डबे देते. एका डब्याला ८० रुपये घेते. तांदूळ, पीठ, डाळ, भाजी, तेल मिळून डब्यामागे ४५ रुपये लागतात. ती मनाशी म्हणते, "डब्यामागे ३५ रुपये सुटले. तीस डबे म्हणजे १०५० रुपये. छान चाललंय."

पण तसे चाललेले नाही. गॅसचे डब्यामागे ६ रुपये धरले पाहिजेत. डबा पोचवणाऱ्याचे १२ रुपये. भांडी घासायला आणि पोळ्या लाटायला बाई ठेवली आहे, तिचे ९ रुपये. आता बेरीज करा. ४५ आणि ६ म्हणजे ५१. त्यात १२ मिळवले की ६३. त्यात ९ मिळवले की ७२. हाती राहिले ८ रुपये. तीस डब्यांचे झाले २४० रुपये. त्यासाठी ती सहा तास राबते. म्हणजे तासाला ४० रुपये पडले.

आणखी एक खाचखळगा असतो. बाजारातून ३० रुपये किलोने दहा किलो बटाटा आणला. साल आणि किडका भाग मिळून दीड किलो गेला. उरला साडेआठ किलो. तीनशे रुपयांना साडेआठ किलोने भागले तर बटाटा सुमारे ३५ रुपये ३० पैसे किलोने पडतो. हिशोबात हाच भाव धरायचा, बाजारातला नव्हे.

हा हिशोब मांडला की मार्ग दिसू लागतो. सामान घाऊक घेऊन ४५ चे ४० केले तर डब्यामागे १३ रुपये सुटतात, दिवसाचे ३९० होतात. किंवा डब्याला ९० रुपये घ्यावे लागतील. तेव्हा डब्यामागे १८ आणि दिवसाचे ५४० होतात. चव तीच, मेहनत तीच. बदलला तो हिशोब. हे येत नाही म्हणून चांगल्या हाताची माणसेही कर्जात जातात.

कोठे शिकावे?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाच्या संस्था आहेत. जोलिएट गावी १९०१ साली अशी पहिली सार्वजनिक संस्था निघाली. गावच्या माणसाने गावात राहून, थोड्या खर्चात, नोकरी सांभाळून शिकावे, हा त्यांचा उद्देश. वयाची अट नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या अशा कॉलेजात १९३६ पासून हॉटेलच्या कामाचे शिक्षण मिळते. विद्यार्थी वर्गात ऐकतात आणि कॉलेजच्याच भोजनगृहासाठी रांधतात. लोक येऊन पैसे देऊन जेवतात. दोन वर्षांत पदवी मिळते आणि हातही तयार होतो. तेथे चाळिशीची बाई आणि अठरा वर्षांचा मुलगा एकाच ओट्याशी उभे असलेले दिसतात.

आपल्याकडे नाव वेगळे, पण सोय आहे.

ज्यांचे शिक्षण थोडे झाले आहे किंवा जे नुकतेच वाचायला शिकले आहेत, त्यांच्यासाठी जन शिक्षण संस्थान आहे. याचे मूळ मुंबईतच आहे. कामगारांना शिकवण्यासाठी १९६७ साली वरळीला पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. पुढे देशभर अशा संस्था झाल्या आणि २००० साली त्यांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. या संस्था स्वयंसेवी मंडळींमार्फत चालतात. शिकायला येणाऱ्याला दहावीचा दाखला विचारत नाहीत. तेथे थोड्या मुदतीचे वर्ग असतात. आपल्या जिल्ह्यातील संस्थेत स्वयंपाकाचा किंवा खाद्यपदार्थ तयार करण्याचा वर्ग आहे का, ते जाऊन विचारावे.

दहावी झालेल्यांसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तिला आपण आयटीआय म्हणतो. ही योजना १९५० पासून चालू आहे. तेथे 'फूड प्रॉडक्शन (जनरल)' नावाचा एक वर्षाचा व्यवसाय शिकवतात. पाव, केक, बिस्किटे यांसाठी 'बेकर अँड कन्फेक्शनर' हा वेगळा व्यवसाय आहे. वरची वयोमर्यादा नाही. सरकारी संस्थेत फी बेताची असते. प्रत्येक आयटीआयमध्ये हे व्यवसाय नसतात, म्हणून आधी चौकशी करावी. प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास निघतात. ज्यांची दहावी राहिली आहे त्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसावे. वय झाले म्हणून लाजू नये.

बारावी झालेल्यांसाठी हॉटेल व्यवस्थापनाच्या सरकारी संस्था आहेत. देशातली या प्रकारची पहिली संस्था १९५४ साली मुंबईत निघाली. लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने ती उभी केली. आज ती दादरला आहे. तेथील पदवीसाठी देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

आणि ज्यांनी वर्षानुवर्षे भटारखान्यात काम केले आहे पण हाती कागद नाही, त्यांचे काय? त्यांच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत २०१५ नंतर झाली आहे. म्हाताऱ्या आचाऱ्याने पुन्हा पहिलीत बसावे, असे कोणी म्हणत नाही.

पुढे काय?

येथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. प्रमाणपत्र हाती आले की कोणी शेफ होत नाही. पोलीस भरती झाली म्हणून कोणी फौजदार होतो का? तसेच हे.

मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात पायऱ्या असतात. ही रचना ओग्युस्त एस्कोफिए या फ्रेंच स्वयंपाक्याने घालून दिली. त्याचा काळ १८४६ ते १९३५. सैन्यात जशी ज्याची त्याची जागा, तशी त्याने भटारखान्यात लावली. आपल्याकडे नवखा माणूस उमेदवार म्हणून लागतो. मग कॉमी होतो. कॉमीतही तीन, दोन, एक अशा पायऱ्या आहेत. नंतर एका विभागाचा शेफ, मग मुख्य शेफचा हाताखालचा सू शेफ, आणि शेवटी मुख्य शेफ. वर चढायला वर्षे लागतात. सुरुवातीला कांदे सोलणे, कोथिंबीर निवडणे, भांडी लावणे हेच काम असते. पगार थोडा, उभ्याने दहा-बारा तास, अंगाशी आगीची धग. दिवाळीला लोक जेवायला येतात, म्हणून दिवाळीला रजा नाही. ज्याला हे सोसवत नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये. त्यात कमीपणा नाही.

पण काम मिळण्याच्या जागा पुष्कळ आहेत. हॉटेल ही त्यांतली एक. इस्पितळात पथ्याचे जेवण करणारे लागतात. वसतिगृहे, रेल्वे, मंगल कार्यालये येथे माणसे लागतात. १९४८ च्या कारखाना कायद्यात मोठ्या कारखान्यांनी कामगारांसाठी उपाहारगृह चालवावे अशी तरतूद आली, तेव्हापासून तीही एक मोठी जागा झाली. अशा ठिकाणी झगमगाट नसतो, पण कामाची वेळ बरीचशी ठरलेली असते. घरसंसार असलेल्या बाईला तीच नोकरी बरी पडते.

जहाजावरही स्वयंपाकी लागतो. कोकणातली आणि गोव्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर भंडारी म्हणून गेली. पूर्वी ओळखीवर काम मिळे. आता तसे नाही. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला आणि २०१३ साली अमलात आला. त्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसांच्या जहाजावर शिकलेला, परीक्षा दिलेलाच स्वयंपाकी हवा. हाताला चव आहे एवढे तेथे पुरत नाही.

स्वतःचा धंदा ही शेवटची वाट. मुंबईच्या गिरणगावात बायका गिरणी कामगारांना जेवण घालून संसार चालवीत. सावकाराच्या व्याजाखाली त्या पिचलेल्या होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज मिळवून दिले. चव त्या बायकांकडे आधीपासून होती. कमी होती ती भांडवलाची, संघटनेची आणि हिशोबाची. ती भरून निघाली तेव्हा त्यांना ताठ उभे राहता आले. आज खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान धंद्यालाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. डबे देणाऱ्या भगिनींनी ती करून घ्यावी.

पैसे भरण्याआधी

खाजगी संस्थांच्या जाहिराती आपण पाहतो. पांढरी उंच टोपी, चकचकीत भटारखाना, "परदेशात नोकरीची हमी." त्यांतल्या काही संस्था चांगल्या आहेत. पण फी लाखांत असते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने जमीन गहाण टाकून मुलाला अशा एका संस्थेत घातले. तीन वर्षांनी त्याला कॉमीची जागा मिळाली. त्याच ओट्याशी, त्याच पगारावर, आयटीआयमधून एका वर्षात आलेला मुलगा उभा होता. मुलगा गुणी आहे, तो पुढे जाईल. पण जमिनीचे व्याज त्याच्या बढतीची वाट पाहत थांबत नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. एक, प्रमाणपत्र कोणाचे? सरकारमान्य आहे का? दोन, आठवड्यातले किती तास प्रत्यक्ष ओट्याशी आणि किती तास फळ्यासमोर? तीन, मागच्या वर्षीची मुले आज कोठे आणि किती पगारावर आहेत? त्यांच्यापैकी दोघांना स्वतः भेटावे. चार, सामान, सुऱ्या, कपडे, परीक्षा यांचे पैसे फीमध्ये धरले आहेत की वेगळे? पाच, हॉटेलातल्या उमेदवारीच्या काळात विद्यावेतन मिळते का?

परदेशात पाठवणारा दलाल भेटला तर त्याचा परवाना पाहावा. १९८३ च्या कायद्याप्रमाणे अशा दलालाची सरकारदरबारी नोंद असावी लागते. नोंद नसेल तर त्याच्या हाती पैसा देऊ नये आणि पासपोर्ट तर मुळीच देऊ नये.

आमचे सांगणे थोडक्यात असे. आधी कमी खर्चाच्या ठिकाणी वर्षभर शिकून पाहावे. आपल्याला उभ्याने राबणे झेपते का, ते तेथेच कळते. झेपले तर पुढची फी उमेदवारीच्या पैशांतून, पगारातून भरता येते. नाही झेपले तर घर-जमीन तरी जागेवर राहते. आणि शिकलेले माप, स्वच्छता आणि हिशोब घरच्या चुलीशीही उपयोगी पडतातच.

प्रश्न

१. घरचा स्वयंपाक आणि धंद्याचा स्वयंपाक यांत मुख्य फरक कोणता?
२. उरलेला भात पसरट ताटात का पसरावा?
३. धड्यातल्या बाईने डब्याला ८५ रुपये घेतले आणि खर्च ७२ रुपयेच राहिला, तर तीस डब्यांमागे तिला किती रुपये सुटतील?
४. आपल्या तालुक्यात स्वयंपाकाचे शिक्षण कोठे मिळते? चौकशी करून संस्थेचे नाव, मुदत आणि फी वहीत लिहा.
५. आपल्या घरातल्या एका पदार्थाचे माप आई-आजीला विचारून, वाटी-चमच्याने मोजून लिहून काढा. दुसऱ्याने ते वाचून तो पदार्थ करून पाहावा. चव तीच आली का?